पडदा कठड्याला नको, खुर्चीला हवा

एका वाचक ताईंचं पत्र, थोडं आखडून:

«आम्ही बावधनला पाचव्या मजल्यावर राहतो. पुढे छोटी गच्ची आहे. समोर चौदा मजली इमारत उभी राहिली आणि गच्चीतला संध्याकाळचा चहा बंद झाला. दोन वर्षांपूर्वी नर्सरीतून आठ ‘गोल्डन बांबू’ आणले आणि सोळा इंची प्लास्टिकच्या कुंड्यांत कठड्याला ओळीने लावले. पहिलं वर्ष छान गेलं. आता पानांची टोकं करपतात, खालचे चार फूट नुसत्या काठ्या दिसतात, पानं काय ती वर. एक कुंडी उभी चिरली. पाण्याला मी कमी करत नाही. टँकरचं येतंच, शिवाय आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून रोज बांबूलाच घालते. यूट्यूबवर पाहिलं की गोल्डन बांबू फरशी फोडून पसरतो. हे म्हणतात, वरून छाटून टाकू, म्हणजे खालून दाट फुटेल. सासूबाई म्हणतात घरात बांबू नको, साप येतात, आणि फुलला की दुष्काळ पडतो. ठेवू की काढून टाकू? सोबत फोटो पाठवलेत.»

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जरा कौतुकानेच लिहिलंय: «आरओचं वाया जाणारं पाणी रोज बांबूलाच घालते.» पाणी वाचवायची सवय चांगली आहे, पण जागा चुकली. समजा तुमच्या यंत्रात चार लिटर पाणी गेलं, एक लिटर पिण्यासाठी निघालं आणि तीन लिटर नळीतून बादलीत आलं. त्या चार लिटरांत जेवढा क्षार होता तो जवळपास सगळा बादलीतल्या तीन लिटरांत येऊन बसतो. म्हणजे टँकरचं पाणी, जे बहुतेक वेळा बोअरचंच आणि मुळातच जड असतं, त्याहून तिसऱ्या हिश्शाने जास्त खारं पाणी तुम्ही दोन वर्षं त्या कुंड्यांना पाजताय. कुंडीतून पाणी उडून जातं, क्षार कुठे जाणार? जमिनीत लावलेल्या झाडाचा क्षार पाऊस खोल घेऊन जातो. सोळा इंचांच्या कुंडीत तो मुळांपाशीच साठतो. बांबूला तो सोसत नाही. मुळांतून वर आलेलं पाणी पानाच्या टोकाशी जाऊन उडतं आणि क्षार टोकाला राहतो, म्हणून आधी टोक करपतं, मग कडा.

दुसऱ्या फोटोत कुंडीच्या आतल्या काठावर पांढरट पट्टा दिसतोय. तो साठलेला क्षार. नखाने खरवडून बघा, भुकटी निघेल. आरओचा माणूस सर्व्हिसिंगला येईल तेव्हा त्याच्या खिशात पाण्यातला क्षार मोजणारा पेनासारखा टीडीएस मीटर असतो. तो टँकरच्या पाण्यात आणि तुमच्या त्या बादलीत बुडवायला सांगा. पिण्याच्या पाण्यासाठी ५०० ही इष्ट मर्यादा धरतात. बादलीतला आकडा बघितल्यावर तुम्ही ते पाणी संडासात आणि फरशी पुसायलाच वापराल.

मग बांबूला काय घालायचं? महापालिकेचं पाणी येत असेल तर ते. घरात एसी असेल तर त्याच्या नळीचं पाणी साठवा. ते हवेतल्या वाफेचं पाणी, त्यात क्षार जवळपास नसतोच. आता मे महिन्यात एकदा प्रत्येक कुंडी धुऊन काढा: कुंडीच्या मापाच्या दुप्पट चांगलं पाणी सावकाश ओतत राहायचं, खालून निथळू द्यायचं, खाली ताटली असेल तर ती काढून टाकायची. ताटलीतलं पाणी परत वर शोषलं गेलं तर सगळी मेहनत वाया. उरलेलं काम जूनमधला पाऊस करेल. एवढं केलं तरी करपलेली टोकं परत हिरवी होणार नाहीत. नवी पानं कशी येतात ते बघायचं.

पाणी कमी पडतंय की नाही हे बांबू स्वतः सांगतो. दुपारी पान लांबीने गुंडाळून सुरळी झालं आणि पाणी दिल्यावर संध्याकाळी उलगडलं, तर तहान होती. माती ओली असूनही सुरळी तशीच राहिली तर मुळं कुजताहेत किंवा क्षार झालाय. दर वेळी पाणी हे उत्तर नसतं.

आता नावाचा घोळ. ‘गोल्डन बांबू’ हे जातीचं नाव नाही, ते दुकानातलं नाव आहे. काठी पिवळी आणि त्यावर हिरव्या रेघा दिसल्या की नर्सरीत सगळ्याला गोल्डन म्हणतात. यूट्यूबवर तुम्ही जो फरशी फोडताना पाहिलात तो फायलोस्टॅकिस ऑरिया. इंग्रजीत त्यालाच गोल्डन बांबू म्हणतात आणि त्याचा कंद खरोखर जमिनीखालून धावत सुटतो. तुमचा तो नाही. खात्री करायची असेल तर काठीवरून बोट फिरवा. धावणाऱ्या बांबूच्या काठीला, जिथे फांदी फुटते त्या बाजूने, पन्हळीसारखा खोलगट चपटा भाग लागतो. तुमची काठी सगळीकडून गोल लागेल. आपल्याकडचे कळक, माणगा, मानवेल हे सगळे बेट करून जागच्या जागी वाढणारे. तुमचाही त्याच गोतातला आहे.

पण फोटोत काठी अंगठ्यापेक्षा जाड दिसतेय, आणि पिवळ्या रंगावर हिरव्या रेघा ब्रशने ओढल्यासारख्या आहेत. हा बांबुसा व्हल्गॅरिस, त्याचा पिवळा वाण. जमिनीत लावला तर चाळीस-पन्नास फूट जातो, मनगटाएवढा जाड होतो, आणि त्याची खालची पेरं स्वभावानेच उघडी असतात. मोठ्या बागेत शोभून दिसतो. पडद्यासाठी मात्र तुम्हाला नको तिथे पानं आणि हवी तिथे काठ्या. कुंडी चिरली यात नवल नाही. त्याचा कंद कडेला रेटत असतो, प्लास्टिक हरलं.

तुम्हाला हवा होता तो बांबुसा मल्टिप्लेक्स. नर्सरीत ‘हेज बांबू’ म्हणून मागा. त्याच्यातही पिवळ्या काठीचा, हिरव्या रेघांचा एक वाण आहे, अल्फोन्स कार नावाचा, आणि तोही गोल्डन म्हणूनच विकतात. फरक असा: याची काठी पेन्सिल ते करंगळीएवढी, कोवळी असताना गुलाबी झाक, आणि अगदी खालच्या गाठीपासून बारीक फांद्यांचे झुपके. कुंडीत आठ-दहा फुटांवर थांबतो. विकत घेताना उंची बघू नका. वाकून बुंध्याकडे बघा. बुंध्याशी पालवी असेल तर घ्या.

हे मी शहाणपणाने सांगतेय असं वाटायला नको. मी कुडाळकडची. बांधावर माणगा बघत वाढले, तरी कोथरूडला आल्यावर एका नर्सरीतून सहा हजार मोजून चार उंच बांबू उचलले, निव्वळ उंच होते म्हणून. पोत्यातून काढल्यावर कळलं की मोठ्या बेटातल्या काठ्या तोडून महिन्याभरापूर्वी पिशवीत खोचल्या होत्या. मुळं बोटभर. एक जगला. तेव्हापासून मी आधी पिशवी हलवून बघते. काठी आणि माती एकत्र हलली पाहिजे.

आता यजमानांचं छाटणीचं म्हणणं. ते अर्धं बरोबर आहे. बांबू हे गवत आहे, झाड नव्हे (२०१७ साली वन कायद्यातूनही त्याला झाडाच्या व्याख्येबाहेर काढलंय). आंब्याचं खोड वर्षागणिक जाड होतं, बांबूची काठी होत नाही. कोंब जमिनीतून वर येतो तोच त्याची कायमची जाडी घेऊन, दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतो आणि तिथे संपतो. पुढे त्या काठीला फक्त फांद्या नि पानं येतात. त्यामुळे सात फुटांवर कापलेली काठी मरेपर्यंत सात फुटीच राहणार. वाऱ्यासाठी हे चांगलं आहे, शेंडा हलका होतो, उरलेल्या वरच्या गाठींना पालवीही दाट येते. खालच्या उघड्या चार फुटांना मात्र त्याने फारसा फरक पडणार नाही. बुंध्याशी दाटी हवी तर ती नव्या कोंबांनीच येते, आणि नवे कोंब येण्यासाठी कंदाला जागा लागते. तुमच्या कुंड्यांत ती उरलेली नाही.

छाटायचंच तर गाठीच्या लगेच वर छाटा. मधल्या पोकळ पेरावर कापलं तर वर उघडा पेला तयार होतो. त्यात पावसाचं पाणी साठतं आणि डासांची सोय होते. जुने खुंटही असेच तपासा.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही बांबू कठड्याला लावलेत. सगळेच तिथे लावतात, कारण कुंपण कडेलाच असतं अशी आपली समजूत. पण तुम्हाला गच्चीला कुंपण नको आहे, चहा पिणाऱ्या दोन माणसांना आडोसा हवाय. हिशोब मांडून बघा. समोरची इमारत खुर्चीपासून ऐंशी फुटांवर आहे, आणि तीन मजले वरून कोणी बघतंय, म्हणजे तुमच्या डोळ्यांपेक्षा तीस फूट उंचावरून. खुर्चीत बसल्यावर तुमचे डोळे जमिनीपासून चार फुटांवर. कठडा खुर्चीपासून तेरा फुटांवर असेल तर त्याची नजर अडवायला तिथे जवळपास नऊ फुटांची दाट पानं लागतील. तोच बांबू खुर्चीपासून तीन फुटांवर आणला तर पाच फूट पुरतात. आठ कुंड्यांऐवजी चार. कठड्याची वारेमाप हवा नाही, कुंडी उलटायची भीती नाही, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून थोडं आकाशही दिसत राहील.

एका संध्याकाळी असं करा. तुम्ही खुर्चीत बसा, यजमानांना झाडूची काठी उभी धरून पुढेमागे सरकायला सांगा. काठीचं टोक समोरच्या खिडकीला जिथे झाकेल तिथे खडूने खूण करा. दहाव्या मजल्याच्या वरच्या खिडक्या मात्र पाच फुटी बांबूने झाकल्या जाणार नाहीत. त्या सोडून द्या किंवा खुर्चीवर एक छत्री लावा.

कुंड्यांबद्दल. दोनशे लिटरचा निळा ड्रम आडवा कापून दोन अर्धे करा. पावणेदोन-दोन फूट रुंद, दीड फूट खोल, हे माप हेज बांबूला तीन वर्षं पुरतं. आधी ड्रममध्ये काय होतं ते विचारून घ्या, रसायनाचा असेल तर नको. तळाला बोटभर रुंदीची सहा-सात भोकं, खाली चार विटा, म्हणजे पाणी निथळेल आणि मुळं गच्चीच्या वॉटरप्रूफिंगमध्ये घुसणार नाहीत. पोट सुटलेली, तोंडाला निमुळती कुंडी कितीही देखणी असली तरी घेऊ नका. बांबू त्यातून कधीच सबंध निघत नाही, शेवटी कुंडी फोडावी लागते.

वजनाचा विचार करा. नुसत्या लाल मातीने भरलेला असा अर्धा ड्रम भिजल्यावर दीडशे किलोच्या घरात जातो. माणसं वावरतात अशा गच्चीच्या आराखड्यात चौरस मीटरला साधारण दीडशे किलोच धरलेले असतात. म्हणून ड्रम स्लॅबच्या मधोमध नको, भिंतीलगत किंवा खाली तुळई असेल त्या रेषेवर ठेवा. खडूची खूण नेमकी मध्यावर आली तर खुर्ची भिंतीकडे सरकवा आणि पुन्हा मोजा. सोसायटीच्या इंजिनिअरला एकदा विचारून घ्या. माती हलकी करा: एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि अर्धा भाग भाताचं तूस. कोकोपीटच्या विटेतही क्षार असतो. दोन-तीन पाण्यांतून धुऊन, पिळून मगच वापरा, नाहीतर आरओची बादली मागच्या दाराने परत आली म्हणायची. तळाला विटांचे तुकडे किंवा खडी घालायची पद्धत आहे, त्याने निचरा सुधारत नाही, वजन तेवढं वाढतं.

हे सगळं आज करायचं नाही. मेच्या उन्हात बांबूची मुळं उघडी केलीत तर गेला. पहिले दोन-तीन पाऊस पडून हवा थंडावली की, म्हणजे जूनच्या मध्यावर, नवे कोंब वर यायच्या आत, ढगाळ दिवस बघून हात घाला.

जुन्या पिवळ्या बांबूंपैकी ज्यांचे बुंधे हिरवे आहेत असे दोन ठेवा, मागे उंची द्यायला उपयोगी पडतील. आदल्या रात्री पाणी द्या. कुंडी पोत्यावर आडवी पाडा, सगळीकडून थोपटा. निघाली नाही तर कुंडी कापा, हळहळू नका. आत मातीऐवजी मुळांचा चटईसारखा गोळा दिसेल, बाहेरून गोल गोल फिरलेली मुळं. जुन्या करवतीने गोळ्याचे उभे दोन भाग करा. कोयता घातलात तर कंद फुटतो. प्रत्येक भागात तीन-चार काठ्या, त्यातली निदान एक गेल्या पावसाळ्यातली, आणि कंदावर बोटाच्या टोकाएवढे टणक, टोकदार डोळे दिसले पाहिजेत. ते डोळे म्हणजे यंदाचे कोंब. डोळा नसलेला भाग हिरवा राहील, वाढणार मात्र नाही. बाहेरची फिरलेली मुळं सुरीने उभी चिरून मोकळी करा, काठ्या पाच-सहा फुटांवर छाटा, म्हणजे अर्ध्या मुळांवर सगळ्या पानांचा भार येणार नाही. पूर्वी होता तेवढाच खोल लावा. दोन-तीन आठवडे भिंतीच्या सावलीत ठेवा. आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, हातमोजे घाला. कोंबाच्या सालीवरची तपकिरी कुसं अंगात शिरली की दिवसभर खाज जात नाही.

नवे हेज बांबूही त्याच आठवड्यात लावून टाका. जुलै-ऑगस्टमध्ये कोंब वर आले की त्यांच्या शेंड्यांना हात लावू नका, जोराच्या वाऱ्यात मोडू नयेत म्हणून चार फुटांवर एक सैल सुतळी भिंतीतल्या हुकाला बांधा. खत म्हणाल तर गवताला नत्र लागतं: जूनमध्ये आणि ऑगस्टमध्ये ड्रमला दोन-दोन मुठी शेंगदाणा पेंड, वर शेणखत. दिवाळीनंतर बंद. फेब्रुवारी-मार्चमध्ये जुनी पानं पिवळी होऊन गळतील, घाबरू नका, ती ड्रमातच पडू द्या. तेच उत्तम आच्छादन. पानं चिकट आणि काळी दिसली, मुंग्या चढताना दिसल्या तर वर मावा किंवा पिठ्या ढेकूण आहे. पाण्याचा जोरदार फवारा, मग लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब साबण, संध्याकाळी. तिसऱ्या वर्षापासून दर हिवाळ्यात सगळ्यात जुन्या, निस्तेज काठ्या बुंध्यातून काढत चला. नव्या काठ्यांवर हात टाकायचा मोह होतो, कारण त्या कडेला असतात. टाकू नका.

नवा पडदा दाट व्हायला दोन पावसाळे लागतील. तोवर बांबूच्या काड्यांचा पडदा (चिक) लावा आणि चहा सुरू करा.

सासूबाईंना सांगा, साप पाचव्या मजल्यावर बांबू शोधत येत नाही. गावाकडे बेटात पाचोळा असतो, पाचोळ्यात उंदीर, उंदरामागे साप. गच्चीत उंदीर होऊ दिले नाहीत की झालं. दुष्काळाची गोष्ट मात्र त्यांनी उगाच रचलेली नाही. मिझोराममध्ये तिथला बांबू साधारण अठ्ठेचाळीस वर्षांनी एकदम फुलतो, बिया खाऊन उंदीर माजतात आणि मग ते शेतं फस्त करतात. १९५९ च्या फुलोऱ्यानंतर तिथे खरोखर दुष्काळ पडला होता. तुमचा पिवळा बांबू क्वचितच फुलतो आणि फुलला तरी बी धरत नाही.

राहिल्या त्या काढून टाकायच्या सहा कुंड्यांतल्या काठ्या. जाड आहेत, सरळ आहेत, तोंडलीच्या नाहीतर वालाच्या वेलाला मांडव करा. हिरव्या असतानाच दोन-दोन पेरांचे तुकडे आडवे पुरले तर मुळंही धरतात. पण हौसेने सोसायटीच्या कुंपणापाशी नेऊन लावू नका. तिथे तो पन्नास फूट जाईल, आणि पुढचं पत्र मला तळमजल्यावरून येईल.